खुर्ची निवडताना दोन पाठींचा विचार

वाचकहो, आरोग्यविषयक पाक्षिकात केशकर्तनालयातील खुर्चीवरचा लेख पाहून आपणांस कदाचित नवल वाटेल. दोन वर्षांपूर्वी मलाही वाटले असते.

माझ्या दवाखान्यापासून चार दुकाने सोडून एक केशकर्तनालय आहे. त्याचे मालक साठीला टेकले आहेत. सारी पेठ त्यांना काका म्हणते. गेली सतरा वर्षे दर महिन्याला मी त्यांच्या खुर्चीत बसतो आणि जवळजवळ तितकीच वर्षे ते कंबरदुखी घेऊन माझ्यासमोर बसतात. मी त्यांना वेदनाशामक गोळ्या दिल्या, पट्टा दिला, व्यायाम शिकवले. पुढे जुनी चिठ्ठी दाखवून ते गोळ्या परस्पर घेऊ लागले. एके दिवशी पायांवर सूज घेऊन आले. रक्त तपासले, तर क्रिएटिनिन १.९. वेदनाशामकांच्या दीर्घ सेवनाने मूत्रपिंडांना इजा झाली आहे, असे तज्ज्ञांनी सांगितले. गोळ्या बंद झाल्या. कंबर मात्र दुखतच राहिली.

त्यानंतरच्या महिन्यात मी केस कापण्यासाठी गेलो. समोरच्या आरशात मागच्या आरशाचे प्रतिबिंब पडते, आणि त्यात त्या दिवशी प्रथमच मी काकांची पाठ नीट पाहिली. ते उंच आहेत. त्यांची जुनी लाकडी खुर्ची एकाच उंचीची आणि ठेंगणी. माझ्या मानेवरचे केस काढताना ते धनुष्यासारखे वाकले होते. सतरा वर्षे मी ज्या खुर्चीत विसावत होतो, तीच त्यांच्या दुखण्याचे मूळ होती. मी कंबर तपासली होती. ती दिवसभर काय करते, हे कधी विचारले नव्हते.

नवी खुर्ची घेण्याचे ठरले. पतसंस्थेचे कर्ज काढावे लागणार होते. काकांच्या मुलाचे मन सोनेरी मुलाम्याच्या, फुगीर गाद्यांच्या खुर्चीवर जडले होते. काका मला म्हणाले, ‘‘डॉक्टर, तुम्हीही चला. हप्ते तीन वर्षे फेडायचे आहेत. त्याआधी खुर्ची मोडता कामा नये, आणि मीही.’’ त्या दुकानात दोन तास घालवून आम्ही जे शिकलो, ते येथे सांगतो.

पहिली कसोटी उंचीची. पायाने दाबून वरखाली होणारा हायड्रॉलिक पंप ही चैन नव्हे. ते कारागिराच्या कण्याचे औषध आहे. खुर्ची पूर्ण वर नेल्यावर, ताठ उभे राहून आणि खांदे न उचलता गिऱ्हाइकाच्या मानेवर काम करता आले पाहिजे. काका उंच, मुलगा बुटका. म्हणून दोघांनीही उभे राहून पाहिले. मग दुकानातील सर्वांत जाडजूड गृहस्थांना विनंती करून खुर्चीत बसविले, ती वर नेली आणि पंधरा मिनिटे थांबलो. सोनेरी खुर्ची तेवढ्या वेळात दोन बोटे खाली बसली आणि पंपाच्या दांड्याभोवती तेलाचा ओलावा दिसला. मुलाचा हट्ट तेथेच संपला.

दुसरी कसोटी पाठीची. माझे वडील एकदा दुसऱ्या गावी दाढीसाठी गेले असता खुर्चीची पाठ एकाएकी एक खाच खाली घसरली. वस्तरा हनुवटीत गेला. ते रक्त पातळ करणारी गोळी घेत असल्याने रक्त थांबायला बराच वेळ लागला. म्हणून मागे रेलणारी पाठ रिकाम्या खुर्चीत तपासू नका. माणूस बसवा, प्रत्येक टप्प्यावर अडकवा आणि वरून दोन्ही हातांनी दाबा. पाठ पूर्ण आडवी केल्यावर खुर्चीचा तळ जमिनीवरून किंचितही उचलला जाता कामा नये. रुंद आणि जड तळ त्यासाठीच लागतो.

तिसरी कसोटी मानेची. डोके टेकण्याची उशी वरखाली सरकणारी आणि घट्ट बसणारी हवी. मान मागे लोंबकळली, तर मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांवर ताण येतो. केस धुताना बेसिनच्या कडेवर मान मागे टाकल्याने पक्षाघात झालेल्या पाच रुग्णांची नोंद अमेरिकेतील डॉ. मायकेल वाइनट्रॉब यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केली होती. असे क्वचितच घडते, पण मानेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायला काहीच खर्च येत नाही.

चौथी कसोटी स्वच्छतेची. गादीवर बटणे, घड्या आणि शिवणी जितक्या कमी, तितके चांगले. फटींत केस आणि रक्ताचे थेंब अडकतात, आणि हेपॅटायटिस ‘बी’चा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस तग धरू शकतो. रेक्झिन साबणाच्या पाण्याने पुसावे. रक्त सांडल्यास हातमोजे घालून ते टिपावे, जागा एक टक्का हायपोक्लोराइटने दहा मिनिटे ओली ठेवावी आणि नंतर साध्या पाण्याने पुसावी. नाहीतर धातू गंजतो. फोम अंगठ्याने दाबून पाहावा. तो लगेच वर आला पाहिजे आणि खालची फळी बोटाला लागता कामा नये.

शेवटची कसोटी दुरुस्तीची. पंपाची हमी लेखी घ्या. त्याचे सील आणि सुटे भाग गावात किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी मिळतात का, हे पैसे देण्यापूर्वी विचारा. जी खुर्ची दुरुस्तच होत नाही, ती स्वस्तात मिळाली तरी महागच पडते.

आपण खुर्ची घेणारे नसाल, नुसते तीत बसणारे असाल, तर एवढे लक्षात ठेवा. रेलून झाल्यावर झटकन उभे राहू नका. मिनिटभर ताठ बसा. रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या काही गोळ्यांमुळे उठताना भोवळ येऊ शकते. उतरताना पाय ठेवण्याच्या पट्टीवर उभे राहू नका. खुर्ची पुढे कलंडते. आणि मालिश करून घ्या, पण मान कडकडा मोडू देऊ नका. तशा झटक्यानंतर मान तीव्र दुखणे, तोल जाणे, दोन-दोन दिसणे किंवा बोबडी वळणे यांपैकी काहीही झाले, तर घरी पडून न राहता तत्काळ रुग्णालय गाठा.

काकांकडे नवी खुर्ची येऊन आता दीड वर्ष झाले. ती काळी आहे, साधी आहे आणि वर नेल्यावर तेथेच राहते. त्यांची कंबर पूर्ण बरी झालेली नाही. इतक्या वर्षांचे वाकणे एका खुर्चीने सरळ होत नसते. पण आता ते दुपारपर्यंत विनागोळी काम करतात, मग तासभर आडवे होतात. क्रिएटिनिन १.६ वर येऊन थांबले आहे. ते याहून खाली जाईल, असे वचन मी त्यांना दिलेले नाही.

अलीकडे कंबर, गुडघा वा खांदा धरून कोणी आले, तर मी चिठ्ठी लिहिण्यापूर्वी त्यांना उभे करतो आणि म्हणतो, ‘‘तुम्ही काम कसे करता, ते करून दाखवा.’’ शिंपी, पोळ्या लाटणाऱ्या मावशी, रिक्षावाले, सारे आधी हसतात, मग दाखवतात. हे मी काकांकडून शिकलो, आणि त्याची किंमत त्यांच्या मूत्रपिंडांनी मोजली. वाचकहो, आपल्या डॉक्टरांनी हे विचारले नाही, तर आपण होऊन दाखवा.