मुरमाचे रस्ते

स्पेनमधलं जिरोना शहर आणि भूमध्य समुद्र यांच्या मध्ये गाव्हारेस नावाचे बुटके डोंगर आहेत. त्यांतला सर्वांत उंच माथा ५३२ मीटरचा. सह्याद्रीत असता तर त्याला कुणी नावही दिलं नसतं. या डोंगरांच्या दक्षिण अंगाला ग्रॅनाइट आहे. ऊन-पावसानं तो सडत जातो आणि पिवळट, कुठे गुलाबी झाक असलेला भरडा मागे उरतो. इथले कातालान लोक त्याला साउलो म्हणतात, मी मुरूम म्हणते. लेक म्हणते, आई, मुरूम आपल्या काळ्या दगडाचा, हा वेगळा. असेल. चाकाखाली आवाज तोच येतो आणि उतारावर ब्रेक दाबला की मागचं चाक किंचित सरकतं, तेही तसंच.

असल्या रस्त्यांसाठी इकडे वेगळी सायकल मिळते, ग्रॅव्हल बाईक. हँडल रेसच्या सायकलीसारखं खाली वळलेलं, टायर मात्र रुंद, हवा कमी भरायची. किंमत ऐकून मी दुकानातल्या खुर्चीत बसले. मग टायरवर छापलेला आकडा पाहिला आणि हसू आलं. आमच्या अण्णांच्या हर्क्युलसला २८ बाय दीड इंचाचे टायर होते. दीड इंच म्हणजे ३८ मिलिमीटर. दूधवाले, पोस्टमन, शाळामास्तर, सगळ्यांचे टायर तेवढेच. रेसवाल्यांनी मध्ये टायर २३ मिलिमीटरपर्यंत बारीक करत नेले आणि आता ही मंडळी फिरून दूधवाल्याच्या मापावर आली आहेत. दुकानदाराला हे सांगायची फार इच्छा होती, पण माझं स्पॅनिश ‘किती’ आणि ‘पाणी’ यांच्या पुढे जात नाही.

आमचं गाव बार्शी तालुक्यातलं. गावाला रस्ता आला तो बहात्तरच्या दुष्काळात. त्याआधी होती ती गाडीवाट, पावसाळ्यात काळ्या मातीत चाक रुतलं की बैलही हात टेकायचे. दुष्काळात सरकारनं कामं काढली आणि गावातली निम्मी माणसं खडी फोडायला बसली, माझी आजीसुद्धा. वि. स. पाग्यांची रोजगार हमी योजना, तिचा १९७७चा कायदा, हे सगळं मी पुढे पुस्तकात वाचलं. तेव्हा कळत होतं ते इतकंच, की आजी सकाळी जाते, संध्याकाळी येते, आणि तिच्या ओट्यातून सुकडी निघते. तिची बोटं चिंध्यांनी बांधलेली असायची. दगड फोडताना कपच्या उडतात, त्या डोळ्यांत जाऊ नयेत म्हणून मान कशी वळवायची ते ती करून दाखवायची. खडीवर मुरूम पसरला, पाणी मारलं, रोलर फिरला आणि बार्शीपर्यंत तांबूस पट्टा तयार झाला. रस्ता मैलभर तरी सरळ दिसतो हे मी तोवर पाहिलेलंच नव्हतं.

त्याच रस्त्यावर मी सायकल शिकले. आधी दांडीखालून पाय घालून हाफ पेडल, मग दांडीवरून, मग सीटवर टेकून. हायस्कूल बार्शीला होतं आणि अण्णांचं म्हणणं असं की मास्तरची पोरगी चालत गेली तर दुपारी वर्गात झोपणार. म्हणून सायकल मला आणि ते स्वतः एस.टी.नं. रस्त्यावर दिवसाकाठी ती एस.टी., एखादा उसाचा ट्रॅक्टर, बाकी बैलगाड्या आणि आम्ही. वाहन यायचं ते दूरवरच्या धुळीवरून आधीच कळायचं. रस्ता आपला आहे असं वाटायला कुणी पाटी लावायला लागत नसे.

काही अंतर रस्त्याच्या कडेनं बार्शी लाईट धावायची. एव्हरर्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं १८९७ मध्ये सुरू केलेली ही अडीच फुटी गाडी. रूळ हलके, म्हणून कुठल्याच आसावर पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही असा त्याचा हिशोब होता. १९११ साली ती लातूरला पोहोचली. आम्ही पोरं चढावर तिच्याशी शर्यत लावायचो आणि जिंकलो तरी त्यात फार अभिमानाचं काही नसायचं. याच कॅल्थ्रॉपनं पुढे इंग्लंडात स्टॅफर्डशरच्या एका दरीत तसल्याच मापाची गाडी टाकली. ती १९०४ ला सुरू झाली, १९३४ ला बंद पडली आणि १९३७ पासून त्या जागी पायवाट आहे. आमची बार्शी लाईट तशी मेली नाही. तिची ब्रॉडगेज झाली.

पुण्यात नोकरीला आले तेव्हा ते शहर सायकलींचंच होतं. मग लुना आली, मग कायनेटिक, मग सगळंच आलं. सायकल आधी जिन्याखाली गेली, मग भंगारात. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, ते सगळ्यांच्या घरी झालं.

लेक जिरोनातल्या एका प्रयोगशाळेत लागली आणि निवृत्तीनंतर मी तिच्याकडे येऊन-जाऊन राहू लागले. सायकलवाल्यांच्या जगात हे गाव प्रसिद्ध आहे. मोठमोठे शर्यतपटू इथे भाड्यानं घर घेऊन राहतात. वसंतात ट्राका नावाची मुरमावरची शर्यत होते, तिचा एक प्रकार ३६० किलोमीटरचा. मला त्यातलं काही नको होतं. लेक म्हणाली, आई, एक आगगाडीचा रस्ता आहे, गाड्या नाहीत, चढ नाही, उतारच आहे.

आगगाडीचा रस्ता म्हणजे ओलोत ते जिरोना ही जुनी लाईन. रुळांतलं अंतर ७५० मिलिमीटर. बार्शी लाईटचं ७६२. बारा मिलिमीटरचा काय तो फरक. पहिला टप्पा १८९५ला सुरू झाला आणि ओलोतला गाडी पोहोचायला १९११ साल उजाडलं, म्हणजे आमची लातूरला पोहोचली तेच. मोटारी आणि ट्रकपुढे तिचा निभाव लागला नाही आणि १९६९ मध्ये ती बंद झाली. त्याच वर्षी जिरोनाहून समुद्राकडे सान फेलिऊच्या बंदराला जाणारी तिची बहीणही गेली. रूळ उचलले, जागा पडून राहिली. स्पेनमध्ये १९९३ पासून अशा मेलेल्या लाइनींच्या ‘हिरव्या वाटा’ करायचं काम सुरू झालं. या दोन्ही लाइनींवर आता दाबून बसवलेला साउलो आहे आणि जिथे मोटाररस्ता आडवा येतो तिथे दोन्ही बाजूंना खुंट रोवलेत. सायकल जाते, मोटार जात नाही.

सायकली ट्रेलरवर टाकून आम्ही ओलोतला गेलो. हा भाग ज्वालामुखींचा, चाळीसेक शंकू आहेत, आता सगळे झाडीनं झाकलेले. त्यातला क्रोस्काट सर्वांत तरुण, काही हजार वर्षांपूर्वीपर्यंत जागा होता. त्याच्या अंगातला हलका, सच्छिद्र दगड बांधकामाला चांगला, म्हणून कित्येक वर्षं तो खणून नेला. लोकांनी आरडाओरडा केला, १९८२ मध्ये हा सगळा प्रदेश संरक्षित झाला, तरी खाण पुरती थांबायला नव्वदचं दशक उजाडलं. मग त्यांनी एक शहाणपण केलं. जखम बुजवून टाकली नाही. कापलेली बाजू उघडीच ठेवली, आणि आता लोक तिथे उभं राहून ज्वालामुखीचं पोट बघतात. काळे थर, त्याच्या आत तांबडे. लेक पुढे चला म्हणत होती आणि माझा पाय निघत नव्हता. अर्ध्या खाल्लेल्या टेकड्या आपल्याकडे दर तालुक्याला आहेत. आमच्या रस्त्याचा मुरूम ज्या टेकडीतून आला तिथे आता खड्डा आहे आणि पावसाळ्यात त्यात म्हशी डुंबतात.

ओलोतपासून वाट आधी सुमारे ६०० मीटरच्या खिंडीपर्यंत हळूहळू चढते. मग जिरोनापर्यंत, म्हणजे समुद्रसपाटीपासून ७० मीटरवर, उतरत राहते. छोट्या वाफेच्या इंजिनाला चढ झेपत नाही, म्हणून इंजिनिअरांनी डोंगराला वळसे घातले, ओढ्यांवर पूल बांधले, खडक कापले. त्या दुबळ्या इंजिनाचा फायदा शंभर वर्षांनी माझ्या गुडघ्यांना मिळत होता. जुनी स्टेशनं तशीच आहेत, कुठे खानावळ, कुठे सायकल-दुरुस्ती. आमेर गावात चौकात कॉफी प्यायलो. कातालोनियाचे माजी अध्यक्ष पुज्देमोन इथले, बेकरीवाल्यांच्या घरातले. बाल्कन्यांवरचे स्वतंत्र कातालोनियाचे झेंडे उन्हानं विटले होते, पण काढलेले नव्हते.

आमेरच्या पुढे तेर नदीच्या खोऱ्यात आम्ही दोघी शेजारी-शेजारी चालवत होतो आणि तेव्हा मला कळलं की मोटार नसण्याचा खरा उपयोग काय. शांतता नव्हे. शांतता घरीही मिळते. उपयोग हा, की दोन सायकली जोडीनं चालवता येतात आणि बोलता येतं. पुण्यात मी लेकीला वर्षानुवर्षं स्कूटरवर मागे बसवून नेलं आणि त्यात आमचं बोलणं ‘नीट धर’ आणि ‘दप्तर सांभाळ’ एवढंच. इथे तिनं विचारलं, तू सायकल का सोडलीस? मी म्हटलं, सोडली कुठे, रस्त्यानं सोडवली. मग आजीचं निघालं. खडी फोडताना मान कशी वळवायची ते मी चालत्या सायकलवर करून दाखवलं, तर ती ओरडली, समोर बघ.

तिच्या एका सहकाऱ्यानं नंतर जेवताना विचारलं, तुमच्या गावीही असे रस्ते असतील ना, तुम्ही भाग्यवान. तो दर रविवारी गाव्हारेसमध्ये जातो. तिथल्या वाटा बुचाच्या झाडांसाठी काढलेल्या. दर बारा-चौदा वर्षांनी उन्हाळ्यात कुऱ्हाडीनं साल सोलायची, खेचरांवर लादायची, खाली कासा दे ला सेल्व्हा किंवा सान फेलिऊला न्यायची, शँपेनच्या बाटल्यांची बुचं व्हायची. कोळसा पाडणारे त्याच रानात राहायचे. त्यांची दगडी घरं आता छपराविना उभी आहेत. कष्टाच्या वाटांवर पुढच्या पिढ्या हौसेनं घाम गाळतात यात मला वाईट काही दिसत नाही. पण त्याला ‘भाग्यवान’ला उत्तर देता आलं नाही. आमच्या गावानं डांबरासाठी निवेदनं दिली होती, रास्ता रोको केला होता. मुरमाच्या रस्त्यावर पावसाळ्यात चिखल व्हायचा आणि बाळंतीण बाजेवर न्यावी लागायची. तो तांबूस पट्टा मला प्रिय आहे, पण तो मोडला याचं गावातल्या एकाही माणसाला दुःख नाही, आणि ते बरोबर आहेत.

परवा लेकीनं त्या वाटेचा व्हिडिओ माझ्या भावाला पाठवला. लगेच फोन आला.

“अक्का, एवढा देखणा रस्ता, ह्यांनी डांबर का नाही टाकलं?”

मी म्हटलं, मुद्दाम नाही टाकत. मोटारी येऊ नयेत म्हणून.

“आणि मग एस.टी. कुठून जाती?”

“खालून. नदीच्या पलीकडनं मोठा हायवे आहे.”

“असं होय. म्हणजे त्यांना दोन-दोन रस्ते हायत,” तो म्हणाला, आणि आमच्या ओढ्यावरच्या पुलाचं टेंडर कुणाला लागलं ते सांगू लागला.