टाचेचा कागद

आमच्या वस्तीत हाडांच्या मोफत तपासणीचं शिबीर भरलं. आम्ही दोघं, आई आणि दहा वर्षांची पोर, चौघंही रांगेत बसलो. टाचेला जेल लावून पाय यंत्रात ठेवायचा, थोड्या वेळात कागद हातात. टाचेचं हाड आतून जाळीदार. त्यातून ध्वनिलहरी किती वेगानं जातात, किती क्षीण होतात, यावरून हाडाच्या बळकटीचा अंदाज बांधतात. क्ष-किरण लागत नाहीत.

आईचा आकडा ठीक आला. आम्ही निर्धास्त झालो. पोरीचा कमी आला. घास घशाखाली उतरेना.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी समजावलं. लहान मुलांची तुलना त्यांच्याच वयाच्या मुलांशी करायची, तरुण माणसांशी नव्हे. आणि नुसत्या टाचेवरून मुलाला आजारी ठरवायचं नाही. पोर खेळते, वाढते, घाबरू नका.

"पण आजींचं मनगट कशानं मोडलं होतं?"

मोरीत घसरून, आम्ही म्हणालो.

साध्या पडण्यानं हाड मोडलं असेल, तर टाच काहीही सांगो, खुब्याची आणि मणक्याची डेक्सा तपासणी करायला हवी. केली. आकडा आला उणे २.९. उणे २.५ किंवा त्याखाली गेला की हाडं ठिसूळ.

जन्मभर डोक्यावर विटा वाहिलेल्या आईला आम्ही एका कागदावर ठणठणीत ठरवलं होतं. आता औषध चालू आहे, मोरीत धरायला दांडी बसवली आहे. शिबिराला जरूर जा. पण कागद दाखवताना घरातल्या माणसाची हकिकतही डॉक्टरांना सांगा.