खंड्याला सोबत तुमचीच

पुणे

चि. सोनूस,


शेल्टरमधल्या खंड्या या कुत्र्याला घरी आणायचं तुम्ही दोघांनी ठरवलंत, हे वाचून फार आनंद झाला. पण पुढे तू लिहिलंस, ‘वर्षभराने त्याला सोबत म्हणून मांजराचं पिल्लू आणू.’ हे पत्र त्या एका वाक्यासाठी.

शेल्टरवाल्यांनी तुला स्पष्ट सांगितलंय, की हा माणसांवर जीव टाकतो, पण घरात दुसरं जनावर नको. त्यावर पूर्ण विश्वास ठेव. अनोळखी माणसाच्याही पायाशी लोळणारा हा जीव मांजराशी का जुळवून घेणार नाही, असं तुला वाटतंय. पण कुत्र्याच्या बाबतीत माणसांची ओढ आणि इतर जनावरांशी पटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिल्लू साधारण 3 ते 14 आठवड्यांचं असताना ज्यांच्या सहवासात निर्धास्त असतं, ते त्याला पुढेही आपले वाटतात. रस्त्यावरच्या पिल्लाला बिस्किट घालणारं माणूस भेटतं; परक्या गल्लीतला कुत्रा मात्र हद्दीसाठी आणि घासासाठी अंगावर येतो. शिवाय उपजत स्वभाव असतोच. खंड्याच्या कानाची खाच तू पाहिली असशील. ती नसबंदीची खूण. पण नसबंदीने हा स्वभाव बदलेलच असं नाही.

माया लावली की सगळं सुटेल, असंही धरून चालू नकोस. चांगल्या ट्रेनरच्या मदतीने दुसरा कुत्रा लांब दिसला तरी शांत राहायला तो शिकेल. पण लांबून दिसणं वेगळं आणि आपल्या ताटलीजवळ, आपल्या माणसाला खेटून बसलेलं असणं वेगळं.

गल्लीतली कुत्री कुठे बसतात, कधी हिंडतात, हे आधी बघून फिरायची वाट आणि वेळ ठरव. लिफ्टमध्ये दुसरा कुत्रा असेल तर थांबून पुढच्या खेपेला जा. अंग ताठ झालं, नजर खिळली, की लगेच वाट बदल. गुरगुरला तर रागावू नकोस. ती त्याची सूचना असते. ती दाबली, तर पुढच्या वेळी तो न सांगता चावू शकतो. जाळीच्या मुसक्याची सवय खाऊ देत देत हळूहळू लाव, डॉक्टरांकडच्या गर्दीत ते उपयोगी पडतं. दिवाळीला दादाचा लॅब्राडॉर तुमच्याकडे उतरणार नाही, हेही आत्ताच सांगून टाक.

तो एकटा पडेल, ही काळजी सोड. त्याला सोबत हवी ती तुमची: रोजचं फिरणं, मनसोक्त हुंगणं, संध्याकाळी शेजारी बसणं. ज्यांच्याकडे आधीच एखादं जनावर आहे, त्यांना असा कुत्रा नेता येत नाही, म्हणून त्याच्यासाठी दारं मुळातच कमी. तुमचं घर त्याला अगदी योग्य आहे, ते तसंच राहिलं पाहिजे. दहा-बारा वर्षांचा प्रश्न आहे.

मांजराची हौस खरीच मोठी असेल तर आत्ताच तसं सांग. त्यात कमीपणा काही नाही. तू मांजर आण, खंड्यासाठी दुसरं घर शोधता येईल. पण त्याला आणून मग वर्षभराने परत पाठवणं हा त्याच्यावर अन्याय होईल. दोघं बसून बोला आणि मला कळवा. ‘फक्त खंड्या’ असं ठरलं, तर पहिले काही दिवस मदतीला मी येते.

तुझी,
मावशी