आलेप्पीच्या कालव्यांत

आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध दांपत्याच्या विवाहास गेल्या ईस्टरनंतर पन्नास वर्षे पूर्ण झाली. मुलांनी ठरविले की, मांडव घालून जेवणावळी उठविण्यापेक्षा सर्वांनी केरळात जावे व एक नाव भाड्याने घेऊन तो दिवस पाण्यावर साजरा करावा. कृतज्ञतेची मिस्सा आटोपून आम्हीही त्यांच्यासमवेत मडगावास नेत्रावती गाडीत बसलो आणि दुसऱ्या दिवशी आलेप्पीस उतरलो.

या गावास स्थानिक लोक आलप्पुळा म्हणतात. त्रावणकोरचे दिवाण राजा केशवदास यांनी अठराव्या शतकात येथे बंदर वसविले व माल वाहण्यासाठी कालवे खोदविले. त्या काळी भात आणि मसाले कोचीकडे नेणाऱ्या नावा म्हणजेच केट्टुवळ्ळम्. आंजिलीच्या फळ्या काथ्याने शिवून त्या बांधीत. खिळा म्हणून मारीत नसत. पुढे रस्ते झाले, नावा ओस पडल्या. १९९० नंतर त्यांवर वेताबांबूची छपरे चढली आणि भाताच्या जागी पाहुणे बसू लागले. आज लग्न, वाढदिवस, ज्युबिली, काहीही असो, अख्खी नाव एका कुटुंबाला मिळते. स्वयंपाकीही नावेवरच असतो.

आमची मंडळी सव्वीस. नावेच्या कागदावर मात्र वीसच माणसांची परवानगी होती. वयस्क सारंगाने शांतपणे मान हलविली. आम्ही म्हटले, "बाबा, यांत सहा तर मुलेच आहेत. आजचा दिवस चालवून घ्या." आमच्या झग्याचा मान राखून तो ऐकेल, असा आमचा अंदाज होता, हे कबूल केलेच पाहिजे.

तो मोडक्या हिंदीत म्हणाला, "अच्चन, तानूरलाही मुलेच होती."

७ मे २०२३ रोजी मलप्पुरम जिल्ह्यातील तानूर येथे वाजवीपेक्षा अधिक माणसे भरलेली सहलीची नाव उलटली व बावीस जीव गेले. आम्ही खाली पाहिले. वाद तेथेच संपला. मंडळींत कुरकुर झाली, पैसे वाढले, आणि आम्ही व आणखी पाच जण एका लहान नावेत बसलो. मुले आजीआजोबांबरोबर मोठ्या नावेतच राहिली, प्रत्येकाच्या अंगात तरंगते जाकीट.

ही अडचण आमच्या पथ्यावरच पडली. मोठी नाव ज्या अरुंद पाटांत शिरू शकत नाही तेथे आमची शिरली. घराच्या पायरीवर बायका भांडी घाशीत होत्या. बांधापलीकडची भातशेते मात्र पाण्याच्या पातळीहून खाली! कुट्टनाडची ही शेती काही ठिकाणी समुद्रसपाटीखाली दोन मीटरांहून अधिक खोल आहे. पूर्वी पायांनी चक्र फिरवून पाणी उपसीत, आता पंप आहेत. खारे पाणी अडविण्यासाठी १९७० च्या दशकात तण्णीरमुक्कम येथे बांध झाला. भाताचे भले झाले, परंतु पाणी तुंबून जलपर्णी माजली. त्यात पर्यटकांच्या नावांतील घाणीची भर. आम्हीही त्याच पर्यटकांपैकी, हे विसरता येत नव्हते.

दुपारी कैनकरीस दोन्ही नावा भेटल्या. येथेच १८०५ मध्ये संत कुरियाकोस एलियास चावरा जन्मले. चर्चला जोडून शाळा हवीच, असा आग्रह धरणारे हे धर्मगुरू; २०१४ मध्ये त्यांना संतपद मिळाले. त्यांच्या जन्मघरी आम्ही रोजरीची एक दशमाळ म्हटली. नंतर मोठ्या नावेवरून भात व काळुंदराचे कालवण आले, तेथील लोक या माशास करीमीन म्हणतात. आजोबांनी पहिला घास आजींना भरविला तेव्हा नातवंडांनी एवढा गलका केला की, काठावरची बदके पाण्यात पळाली.

संध्याकाळी धक्क्यावर उतरताना सारंग फळीपाशी उभा राहून एकेक माणूस मोजीत होता. आजी शेवटी उतरल्या. "वीस," तो म्हणाला, आणि मगच त्याने आमच्या हातून पैसे घेतले.