महिरपी कंस

पुतणीनं परवा रात्री अकरा वाजता फोटो पाठवला. रेघी कागद, निळं पेन, समासात प्रश्न क्रमांक. पाथर्डीच्या एका पतसंस्थेत ती दिवसभर काउंटरवर बसते आणि रात्री इग्नूचं एमसीए करते. खाली लिहिलं होतं, ‘काका, एवढं बघा ना, बरोबर आहे का.’ सी भाषेतला प्रोग्रॅम, हातानं लिहिलेला. असाइनमेंट अजूनही हातानंच लिहायची असते, फक्त आता पोस्टाऐवजी स्कॅन करून पाठवता येते. मी दोन बोटांनी अक्षर मोठं केलं आणि प्रोग्रॅम काय करतो हे न बघताच कंस मोजायला लागलो.

ही सवय माझी नव्हे, अण्णांची.

मी एमसीए केलं तेव्हा ते तीन वर्षांचं होतं. सहा वर्षांपर्यंत ओढायची मुभा होती आणि नोकरी करणारे बहुतेक जण ती वापरत. आता ते दोन वर्षांचं झालंय. पुण्यात मी कॉम्प्युटर ऑपरेटर होतो. दिवसा इतरांची बिलं, रात्री ‘डिझाइन अँड अ‍ॅनालिसिस ऑफ अल्गोरिदम्स’. जून आणि डिसेंबर या दोन महिन्यांना परीक्षेखेरीज दुसरी ओळख नव्हती. असाइनमेंटचे कागद घेऊन मी पाथर्डीला यायचो. माळीवाड्याला गाडी बदलायची, करंजी घाटात पुस्तक मिटायचं, तिसगावनंतर पुन्हा उघडायचं. घरी पोचलो की हमखास लोडशेडिंग.

अण्णा झेडपीचे प्राथमिक शिक्षक. कॉम्प्युटरला त्यांनी हात लावला नव्हता. पण कंदिलाच्या उजेडात त्यांनी माझे कागद ओढून घेतले, चष्मा पुसला, आणि लाल पेन्सिल घेऊन पहिल्या ओळीपासून वाचू लागले. काय वाचताय विचारलं, तर म्हणाले, “मला कळायची गरज काय? हे महिरपी कंस आहेत ना? मग ते जोडीनं असणार.” पहिलीच्या पोरांसाठी ठेवलेली चिंचोक्यांची पिशवी त्यांनी काढली. कंस उघडला की टेबलावर एक चिंचोका, मिटला की एक उचलायचा. साधे कंस मध्ये आले तेव्हा त्यांच्यासाठी खडे घेतले आणि एकाच रांगेत मांडू लागले. रांगेच्या टोकाला चिंचोका असताना साधा कंस मिटलेला दिसला की पेन्सिल थांबायची. दुसऱ्या पानाच्या शेवटी एक चिंचोका उरला. “हा उघडलाय. मिटलाय कुठं?”

आता इथे जर्मनी आणणं बरं दिसत नाही, पण आणतोच. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात फ्रीडरिश बाउअर आणि क्लाउस सामेलसन यांनी 1957 मध्ये ज्या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला, ती ही रांगच होती. गणिती पदावली वाचताना जे मागाहून आलं ते आधी काढायचं. त्याला आपण ‘स्टॅक’ म्हणतो. कंसाचा प्रकार एकच असेल तर नुसतं मोजूनही काही अंशी भागतं; दोन प्रकार आले की क्रम सांभाळावा लागतो. अण्णांनी खडे वेगळ्या ढिगात न ठेवता त्याच रांगेत का मांडले, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्या सत्रात ‘डेटा अँड फाइल स्ट्रक्चर्स’ माझ्या डोक्यात शिरलं ते त्या टेबलावर.

पुढे एका कंपनीत मुलाखतीला गेलो. समोरच्या साहेबानं गुणपत्रक पाहिलं आणि विचारलं, “रेग्युलर, की बाहेरून?” बाहेरून म्हटल्यावर फाइल मिटली. दोन पानं पुढे माझं प्रोजेक्ट होतं, तिथपर्यंत तो गेलाच नाही. त्या माणसावरचा माझा राग अजून ताजा आहे आणि तो विझावा अशी माझी इच्छाही नाही. आयआयटी कानपूरला 1963 मध्ये आयबीएम 1620 आला, तेव्हा बाहेरच्या प्राध्यापकांना आणि कारखान्यांतल्या इंजिनिअरांना बोलावून दहा-दहा दिवसांचे वर्ग घेतले गेले. राजारामन यांच्यासारखे शिक्षक ते शिकवत. नोकरी सांभाळून, रजा टाकून आलेली ही माणसं. या देशातलं कॉम्प्युटर-शिक्षण अशा ‘बाहेरच्यां’कडून पसरत गेलं. साहेबाला हे सांगायचं राहून गेलं.

आणि पाथर्डीला तर घरी अभ्यास करून परीक्षा देण्याचं नवल नसावंच. चिचोंडीत 1900 साली जन्मलेल्या आनंदऋषीजी महाराजांनी 1936 मध्ये इथेच तिलोक रत्न स्थानकवासी जैन धार्मिक परीक्षा बोर्ड काढलं. आमच्या शेजारच्या काकू साठी ओलांडल्यावर धार्मिक परीक्षेचं पुस्तक पोळपाटाशेजारी उघडं ठेवून पाठ करायच्या. नापास झाल्या तर आळीभर सांगायच्या, पास झाल्या तर पेढे. त्यांना कुणी रेग्युलर का म्हणून विचारलं नाही.

अण्णांचा तो ‘मिटलाय कुठं?’ हा प्रश्न मात्र माझ्या प्रोग्रॅमसाठी जन्मलेला नव्हता.

त्यांची शाळा एका वाडीवर. दसरा झाला की निम्मा पट रिकामा, कारण आईबाप ऊसतोडीला. तालुक्यात वृद्धेश्वर कारखाना आहे, तरी टोळ्या जायच्या सांगली-कोल्हापूरकडे. जाण्याआधी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि सहा महिने ती फेडायची. अण्णा पालकांची वही ठेवत. एका पानावर एक कोयता, म्हणजे नवरा-बायको मिळून. घेतले किती, तारीख, कापले किती. पाडव्याच्या सुमारास माणसं परत आली की ओसरीवर वही उघडायची. फिटली नसेल तर बाकी पुढच्या पानावर, पुढच्या दसऱ्याला.

शेवटच्या सत्रात प्रोजेक्ट म्हणून मी तीच वही कॉम्प्युटरवर आणायला निघालो. टेबलं आखली आणि अडलो.

“अण्णा, खातं कुणाच्या नावानं घालू?”

“कोयत्याच्या.”

“नवरा वारला तर? कोयता मोडला ना.”

त्यांनी एक पान काढून दाखवलं. बाई पुढच्या वर्षी दिराबरोबर गेली होती. कोयता नवा, बाकी जुनी. नंतरच्या एका वर्षी तीच बाकी तिच्या मुलाच्या पानावर होती. तो अण्णांच्याच वर्गात चौथीपर्यंत शिकलेला. मी व्यक्तीचं टेबल वेगळं केलं, कोयत्याचं वेगळं, मध्ये तारखांचा दुवा घातला. रात्र गेली. मग विचारलं, मुकादमाला कारखान्याकडून उचल मिळते, तर त्याचं पान कुठंय?

“तो त्याची वही दाखवतोय होय,” अण्णा म्हणाले.

मार्गदर्शकांनी आराखडा बघितला आणि ग्रंथालय व्यवस्थापन घ्यायला सुचवलं. त्याचे नमुने सहज मिळतात म्हणाले. मी ग्रंथालय घेतलं. गुण चांगले पडले.