घाटाखालची मतं, घाटावरची मोजणी

मावळ लोकसभा मतदारसंघ बोरघाटाने दुभागलेला आहे. घाटाखाली रायगड जिल्ह्यातले पनवेल, कर्जत आणि उरण हे तीन विधानसभा मतदारसंघ येतात, घाटावर पुणे जिल्ह्यातले मावळ, चिंचवड आणि पिंपरी. 2008 च्या पुनर्रचनेत ही जोडणी झाली आणि 2009 पासून लोकसभेच्या चार निवडणुका तिच्यावर पार पडल्या. कर्जत-खालापूरच्या मतदाराने बटण दाबलं की सीलबंद यंत्रं घाट चढून पुण्यातल्या बालेवाडीच्या क्रीडासंकुलात जातात आणि मोजणी तिथे होते. 2024 च्या निकालाचे विधानसभानिहाय आकडे बरोबर घेऊन मी नेरळहून बालेवाडीपर्यंत त्याच दिशेने गेलो.

कल्याणकडून येणाऱ्या लोकलमध्ये वांगणी मागे पडलं की ठाणे जिल्हा संपतो. शेलू आणि नेरळपासून कर्जत तालुका सुरू होतो. ही सीमा फार जुनी नाही. कर्जत तालुका 1891 पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता आणि त्या वर्षी तो कुलाब्याला जोडला गेला. जिल्हा बदलला तरी तालुक्याचं तोंड ठाणे-मुंबईकडेच राहिलं. आज नेरळ स्थानकाच्या दोन्ही अंगांना उभ्या असलेल्या इमारतींत मुंबई आणि ठाण्यात घर न परवडलेली कुटुंबं राहतात. त्यांच्या मागच्या डोंगरांत ठाकूर आणि कातकरी वाड्या आहेत, आणि त्यांच्यामध्ये भातशेती करणारी आगरी, कुणबी, मराठा गावं. एकाच विधानसभा मतदारसंघात इतकी निराळी जगणी असल्यामुळे इथल्या कलाबद्दल सरसकट बोलणं धोक्याचं ठरतं.

नेरळच्या वर माथेरान आहे. दस्तुरी नाक्यापुढे खासगी मोटारी जात नाहीत. 1907 पासून धावणारी छोटी गाडी, घोडे आणि पायवाटा यांच्यावर हे गाव चालत आलं. मतदारसंख्या थोडी, तरी माथेरानची नगरपालिका जुनी आहे आणि इथलं राजकीय भानही जुनं आहे. स्वातंत्र्यसैनिक भाई विठ्ठल कोतवाल माथेरानचेच. 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. या दोघांची नावं कर्जत तालुक्यात आजही सर्व पक्षांच्या सभांमध्ये आदराने घेतली जातात.

नेरळनंतर भिवपुरी रोड आणि मग कर्जत. मुंबईहून सुमारे 100 किलोमीटरवरचं हे जंक्शन मतदारसंघाची सगळी अडचण समजावून सांगतं. मुंबईची लोकल इथून पुढे घाट चढत नाही. ती इथे थांबते किंवा खोपोलीच्या फाट्याला वळते. पुण्याकडून निघालेली लोकल लोणावळ्याला थांबते. मधला घाट फक्त लांब पल्ल्याच्या गाड्या ओलांडतात, आणि त्यांतल्या बहुतेकांनाही कर्जतला थांबून मागे बँकर इंजिनं जोडून घ्यावी लागतात. मी फलाटावर उभा असताना हे काम सुरू होतं. इंजिनं हळूहळू मागे येऊन शेवटच्या डब्याला टेकली, एक कर्मचारी मध्ये वाकून जोडणी तपासू लागला, आणि तेवढ्यात दारादारांतून वडापावचे पुडे आत गेले. लोकसभेच्या एकाच मतदारसंघात दोन उपनगरी रेल्वे आहेत आणि त्यांची गाठ कुठेच पडत नाही. इथला नोकरदार पहाटे ठाण्या-मुंबईकडे निघतो, त्याचा खासदार मात्र पिंपरी-चिंचवडकडचा असतो.

हे 2009 नंतर झालं. त्याआधी इथला, खालापूर नावाचा विधानसभा मतदारसंघ कुलाबा लोकसभेत होता. जिल्ह्याचं नाव 1981 मध्ये रायगड झालं, तरी लोकसभा मतदारसंघ 2004 च्या निवडणुकीपर्यंत कुलाबाच राहिला. 1952 च्या पहिल्या निवडणुकीत तिथून काँग्रेसचे सी. डी. देशमुख निवडून आले. तेव्हा ते देशाचे अर्थमंत्री होते. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी 1956 मध्ये मंत्रिपद सोडलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत 1957 मध्ये शेतकरी कामगार पक्षाने ही जागा घेतली. पुढची जवळजवळ पन्नास वर्षं ती काँग्रेस आणि शेकाप यांच्यात फिरत राहिली.

या इतिहासातली 1984 ची निवडणूक विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर काँग्रेसने महाराष्ट्रातल्या 48 पैकी 43 जागा जिंकल्या. कुलाब्यात मात्र शेकापचे दि. बा. पाटील विजयी झाले. त्याच वर्षी जानेवारीत उरण-पनवेलच्या भूमिपुत्रांच्या जमिनीसाठीच्या आंदोलनावर गोळीबार झाला होता आणि पाच जण हुतात्मा झाले होते. देशभर एक प्रश्न होता, कुलाब्यात जमिनीचा प्रश्न त्याहून मोठा ठरला. त्यानंतर 1989, 1991 आणि 1996 मध्ये काँग्रेसचे ए. आर. अंतुले, 1998 आणि 1999 मध्ये शेकापचे रामशेठ ठाकूर आणि 2004 मध्ये पुन्हा अंतुले निवडून आले. उमेदवार कोणत्याही पक्षाचा असो, तो याच जिल्ह्याच्या राजकारणात वाढलेला असे. पुनर्रचनेने नेमकं हेच बदललं.

2009 मध्ये शिवसेनेचे गजानन बाबर यांनी राष्ट्रवादीच्या आझम पानसरे यांना हरवलं. 2014 मध्ये शिवसेनेचे श्रीरंग बारणे दीड लाखाहून अधिक मतांनी जिंकले. दुसऱ्या क्रमांकावर लक्ष्मण जगताप होते, त्यांना शेकाप आणि मनसेचा पाठिंबा होता. 2019 मध्ये बारणे यांनी अजित पवार यांचे पुत्र पार्थ पवार यांचा 2 लाख 15 हजारांहून अधिक मतांनी पराभव केला. 2024 मध्ये त्याच अजित पवारांचा पक्ष बारणे यांच्या बाजूला होता आणि समोर उद्धव ठाकरे यांच्या पक्षाचे, पिंपरी-चिंचवडचे माजी महापौर संजोग वाघेरे होते. चारही निवडणुकांत पहिल्या दोन क्रमांकांवर रायगडमधला एकही उमेदवार आला नाही. ज्या जिल्ह्याने सी. डी. देशमुख आणि दि. बा. पाटील लोकसभेत पाठवले, त्याच्या या चार तालुक्यांसाठी ही साधी गोष्ट नाही.

कर्जतहून खोपोलीची लोकल पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी अशी स्थानकं घेत जाते आणि डोंगराच्या पायथ्याशी संपते. खोपोलीत टाटांचं जलविद्युत केंद्र 1915 पासून वीज देत आलं आहे. लोणावळ्याकडच्या धरणांतलं पाणी नळांतून उतारावर सोडून ती वीज तयार होते आणि मुंबईला जाते, टर्बाइनमधून सुटलेलं पाणी पाताळगंगेत उतरतं. पुढे खालापूर तालुक्यात कारखाने आले, ते या पाण्याच्या आणि महामार्गाच्या आधारावर. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा टोलनाका खालापूरलाच आहे. वाहनांची रांग इथे लागते, तरी त्यातल्या बहुतेकांना तालुका ओलांडल्याचं कळतही नाही.

खालापूर तालुका मतदानाच्या नकाशावर एकसंध नाही. खोपोली-खालापूरचा भाग कर्जत विधानसभेत आहे, तर चौककडचा भाग उरण विधानसभेला जोडलेला आहे. 19 जुलै 2023 च्या रात्री दरड कोसळून जी इर्शाळवाडी गाडली गेली, ती याच चौकजवळची. 27 मृतदेह सापडले, 57 जण बेपत्ता राहिले. चौकहून इर्शाळगडाचं नेढं दिसतं, आणि त्या डोंगराकडे पाहिलं की दरडीखालच्या वाड्यांचं पुनर्वसन हाच इथला पहिला प्रश्न आहे असं वाटल्याशिवाय राहत नाही. पंचवीस लाखांहून अधिक मतदारांच्या मतदारसंघात हा प्रश्न प्रचाराच्या मध्यभागी येणं अवघड असतं. चिंचवड आणि पनवेल या दोन विधानसभांत मिळून निम्म्याच्या आसपास मतदार जमतात. कर्जतमध्ये सुमारे तीन लाख आहेत. उमेदवार, त्याची माणसं आणि त्याच्या सभा कुठे जास्त दिसणार, हे याच गणितावर ठरतं.

13 मे 2024 रोजी मतदान झालं. संपूर्ण मतदारसंघात जवळपास 55 टक्के मतं पडली. पनवेल आणि पिंपरीत आकडा 50 च्या आसपास राहिला, कर्जतमध्ये तो 61 च्या, तर उरणमध्ये 67 च्या आसपास गेला. ज्या तालुक्यांचा वाटा लहान, त्यांनीच उत्साह जास्त दाखवला.

खोपोलीनंतर बोरघाट. रेल्वेने तो 1863 मध्ये जिंकला. जुना रस्ता, द्रुतगती मार्ग आणि लोहमार्ग इथे एकाच डोंगराला वेगवेगळ्या उंचीवर बिलगून वर जातात. लोणावळा, कामशेत, तळेगाव मागे पडतं आणि देहूरोडनंतर पिंपरी-चिंचवडची वस्ती लागते. निकाल ठरतो तो या वस्तीत.

बालेवाडीत 4 जून 2024 रोजी मोजणी झाली. लोकसभेची मोजणीसुद्धा विधानसभा मतदारसंघ धरूनच होते. प्रत्येकासाठी वेगळी जागा, साधारणपणे 14 टेबलं आणि फेऱ्यामागून फेऱ्या. टेबलावर यंत्राचं सील तपासलं जातं, बटण दाबलं की उमेदवारनिहाय आकडे उमटतात, आणि पलीकडे बसलेला पक्षाचा प्रतिनिधी आपल्या हातातल्या 17-क नमुन्यावरच्या एकूण मतांशी ते ताडून पाहतो. प्रत्येक विधानसभेतल्या चिठ्ठीद्वारे निवडलेल्या पाच बूथांवरच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्याही मोजल्या जातात. नंतर बूथनिहाय सगळी मतं नमुना 20 मध्ये नोंदली जातात. निकाल म्हणून जाहीर होणारा एक आकडा या शेकडो ओळींची बेरीज असतो.

ती बेरीज अशी झाली: बारणे 6,92,832, वाघेरे 5,96,217, फरक 96,615. राज्याच्या चित्रात ही महायुतीची जागा म्हणून नोंदली गेली. ते चित्र मात्र उलट्या दिशेचं होतं. 48 पैकी 30 जागा महाविकास आघाडीने जिंकल्या, महायुतीला 17 मिळाल्या आणि सांगलीची एक जागा अपक्षाकडे गेली. मावळ राज्याच्या कलाविरुद्ध गेला, असं यावरून वाटतं. विधानसभानिहाय मतं मांडली की वेगळंच दिसतं. बारणे यांना चिंचवडमधून 74 हजारांहून अधिक, पनवेलमधून 31 हजारांचं, पिंपरीतून 16 हजारांहून अधिक आणि मावळ विधानसभेतून पाच हजारांच्या आतलं लीड मिळालं. कर्जतमध्ये वाघेरे 17 हजारांहून अधिक मतांनी पुढे होते, उरणमध्ये 13 हजारांहून अधिक. म्हणजे कर्जत-खालापूर राज्याबरोबरच गेलं होतं. एकट्या चिंचवडच्या लीडने कर्जत आणि उरण या दोघांचं लीड पुसलं आणि वर चाळीस हजारांहून जास्त मतं उरली.

कर्जतचे आमदार महेंद्र थोरवे तेव्हा बारणे यांच्याच पक्षात, एकनाथ शिंदे यांच्याबरोबर होते. स्थानिक आमदार, सत्ता आणि युतीतले पक्ष एका बाजूला असताना मतदार दुसरीकडे गेला. मतदार नेत्यामागे आपोआप जातो हे गृहीतक निदान या निवडणुकीत कर्जतमध्ये खोटं ठरलं.

सहा महिन्यांनी ठाकरे यांच्या पक्षाचं ते मताधिक्यही टिकलं नाही. 20 नोव्हेंबरला विधानसभेसाठी मतदान झालं. थोरवे यांच्यासमोर राष्ट्रवादीतून बंड केलेले सुधाकर घारे अपक्ष उभे होते आणि लढत मुख्यतः या दोघांत झाली. थोरवे सहा हजारांपेक्षा कमी मतांनी निसटते जिंकले. ठाकरे यांच्या पक्षाचे नितीन सावंत तिसऱ्या क्रमांकावर गेले. मे महिन्यात दिल्लीसाठी मत देताना इथल्या मतदाराने पक्ष आणि त्यातली फूट पाहिली, नोव्हेंबरमध्ये ओळखीचा माणूस पाहिला, असं या दोन निकालांवरून मला वाटतं. 2014 मध्ये याच थोरवे यांना शेकापचे उमेदवार म्हणून सुरेश लाड यांच्याकडून दोन हजारांच्या आत हार पत्करावी लागली होती, आणि 2019 मध्ये शिवसेनेकडून त्यांनी लाड यांना हरवलं. इथे माणूस पक्ष बदलतो आणि मतदार त्याचा हिशेब दर वेळी नव्याने मांडतो.

2008 चा नकाशा 2001 च्या जनगणनेवर आखलेला होता. राज्यघटनेनुसार 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेच्या आकडेवारीवर मतदारसंघांच्या सीमा पुन्हा आखता येतील. कर्जत-खालापूरला पनवेल, उरण आणि पेण यांच्याबरोबर घाटाखालीच एक मतदारसंघ मिळावा, असं माझं मत या प्रवासात पक्कं झालं. पनवेल आणि परिसराची लोकसंख्या 2001 नंतर ज्या वेगाने वाढली, ती पाहता लोकसंख्येच्या निकषावरही ही मागणी टिकण्यासारखी आहे.