तांब्याची पट्टी

इलेक्ट्रिक गाडीचा मोटर कंट्रोलर घरी बांधतोय म्हटलं की लोक पहिल्यांदा विचारतात, मॉस्फेट कुठला वापरला? मी आधी बघतो ते बॅटरीपासून मॉस्फेटपर्यंतचं तांबं.

सरळ तारेच्या दर सेंटिमीटरला साधारण 10 नॅनोहेन्री इंडक्टन्स असतो. आकडा क्षुल्लक दिसतो. पण 200 अँपिअरचा प्रवाह 100 नॅनोसेकंदांत तोडला, तर पाच सेंटिमीटर तारेवर 100 व्होल्ट उसळतात. 72 व्होल्टची लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरली की 84 वर असते. बेरीज 184. तिथं 150 व्होल्टचा मॉस्फेट किती टिकणार? आणि तो जातो तेव्हा बहुतेकदा शॉर्ट होऊन जातो. चालत्या गाडीचं चाक एकदम ओढ धरतं. मागच्या सीटवर घरचंच कुणीतरी बसलेलं असतं.

म्हणून तांब्याच्या दोन रुंद पट्ट्या एकावर एक, मध्ये पातळ मायलर. जाणारा आणि येणारा प्रवाह इतक्या जवळून वाहिले की त्यांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना खोडतात. फिल्म कपॅसिटर थेट मॉस्फेटच्या पायांशी. गेटचा रेझिस्टर वाढवून स्विचिंग संथ करता येतं, व्होल्टेजची उसळी कमी होते. पण त्याची किंमत उष्णतेत मोजावी लागते.

उष्णतेचा विषय निघाला की मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात जातो. ऑइल इंजिनांच्या काळापासून धातूचा सपाट फेस काढणारे हात तिथं आहेत. मिस्त्री सरफेस प्लेटवर निळा रंग लावतात, हीटसिंकचा फेस त्यावर हलकेच फिरवतात, उलटा करून उजेडात धरतात. निळं मध्येच उमटलेलं दिसलं की न बोलता स्क्रेपर उचलतात. हे काम बघताना मला फार समाधान वाटतं. थर्मल पेस्ट ॲल्युमिनियमच्या जेमतेम शंभराव्या हिश्श्याइतकी उष्णता वाहते. ती बारीक ओरखडे भरायला आहे, वाकडा फेस झाकायला नाही. उष्णतेचा फटका कपॅसिटरलाही बसतो: इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर 10 अंशांनी जास्त तापला की त्याचं आयुष्य ढोबळमानानं निम्मं होतं.

तुम्ही कंट्रोलर बांधत असाल तर महागड्या मॉस्फेटचे पैसे आधी पट्टीवर आणि फेसवर घाला. मग गाडी पन्हाळ्याच्या चढाला लावा. घरी आल्यावर बॅटरी सोडवा, कपॅसिटर रिकामा झाल्याचं मीटरवर बघा, आणि पट्टीचा प्रत्येक बोल्ट टॉर्क रेंचनं पुन्हा तपासा.